हंडा, बरणी आणि दारूबंदीचा कायदा

मुंबई राज्याने १९४९ साली केलेला दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात आजही रद्द झालेला नाही. त्याच्या नावात बदल झाला, कलमांत दुरुस्त्या झाल्या, परवान्यांची खैरात झाली. पण कायदा पुस्तकात आहे तो आहेच. या कायद्याच्या ६५ व्या कलमाने परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा ठरवला, इतकेच नव्हे तर दारू गाळण्यासाठी कोणतेही साहित्य, भांडे, हत्यार वा उपकरण बाळगणे हाही गुन्हा ठरवला. कलम १०३ त्याच्याही पुढे जाते. दारू गाळण्याचे भांडे, किंवा ती गाळण्यासाठी सामान्यतः वापरले जाणारे पदार्थ ज्याच्या ताब्यात सापडले आणि ज्याला त्यांचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, त्याने गुन्हा केला आहे असे गृहीत धरून चालावे, असे ते सांगते. आरोप करणाऱ्याने आरोप सिद्ध करावा, हे फौजदारी न्यायाचे सर्वसाधारण तत्त्व. येथे ते उलटे केले गेले आहे. निर्दोषपणाचा पुरावा आरोपीने आणावयाचा आहे.

आता प्रश्न असा की, दारू गाळण्याचे भांडे ओळखावयाचे कसे? कारखान्यातील तांब्याचा उंच मनोरा पाहून कोणीही सांगेल की, ही भट्टी आहे. परंतु गरिबाची भट्टी ही वेगळी वस्तू नसतेच. सकाळी ज्या हंड्यात पाणी भरले तोच हंडा रात्री शेगडीवर चढतो. त्याच्यावर थंड पाण्याने भरलेले पातेले ठेवले आणि आत एक वाडगा टांगला की, काम भागते. वाफ वर जाते, थंड बुडाला लागून तिचे थेंब होतात आणि ते वाडग्यात पडतात. गणेश चतुर्थीला मोदकपात्राचे झाकण उचलल्यावर त्याच्या आतून जे पाणी ओघळते, त्याचे शास्त्र आणि ऊर्ध्वपातनाचे शास्त्र एकच आहे. फरक आत काय शिजते आहे याचा. गूळ कोणाच्या घरात नसतो? नवसागर तर कल्हईवाल्याच्या पेटीतही असतो. रबरी नळी, स्टोव्ह, मडके, गाळण्याचे फडके यांतील एकही वस्तू मुळात गुन्ह्यासाठी जन्माला आलेली नाही.

हा प्रश्न ठाकूरद्वारासारख्या वस्तीत जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचित दुसरीकडे दिसेल. फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट, झावबावाडी ही या भागातील नावे आजही सांगतात की, चाळींच्या आधी येथे झाडे आणि बागाईत होती. गिरगावच्या नारळी-माडांवर चढून ताडी-माडी काढणारा भंडारी समाज हा या भूमीच्या जुन्या रहिवाशांपैकी एक. ठाकूरद्वाराला लागूनच कावेल आहे, मुंबईतील मूळच्या ख्रिस्ती वस्त्यांपैकी एक जुने गाव. तेथे नाताळाच्या आधी द्राक्षांचा अथवा मनुकांचा रस बरणीत भरून, तिला दादरा बांधून, आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात ठेवण्याची रीत घराघरांत चालत आली. चार पावलांवर ब्राह्मणी वाडीत त्याच चिनी मातीच्या बरणीत, तसाच दादरा बांधून, कैरीचे लोणचे मुरत असे. एका वाडीत जिला मुरवणे म्हणतात तिला शेजारच्या वाडीत आंबवणे म्हणतात, आणि आंबवण्याची विद्या तर इडलीच्या पिठापासून आंबोळीपर्यंत व आंबिलीपर्यंत प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पिढ्यानपिढ्या ती प्रामुख्याने बायकांच्या हातात राहिली.

ही विद्या गुन्हा केव्हा झाली, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तो गांधीजींच्या दारूबंदीपासून सुरू होत नाही, इंग्रजांच्या तिजोरीपासून सुरू होतो. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातील दारूची निर्मिती व विक्री सरकारी नियंत्रणाखाली घट्ट आवळली गेली. माडाच्या झाडांवर कर आला. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडल्या आणि मोठ्या मक्तेदारांच्या भट्ट्यांना मुभा मिळाली. मुंबईला पुरवठा करणाऱ्या अशा भट्ट्या उरणला होत्या. ठाणे-कुलाब्याकडील आदिवासींची दारू मोहाच्या फुलांची. मोहाच्या फुलांवरच बंधन घालणारा कायदा १८९२ मध्ये झाला. जे फूल जंगलात झाडाखाली फुकट पडते आणि दुष्काळात माणसाच्या पोटात जाते, ते वेचून घरात ठेवणेही संशयास्पद ठरले. यात लोकांनी दारू पिऊ नये हा हेतू नव्हता. सरकारला कर न देता ती पिऊ नये, एवढाच हेतू होता. घरातल्या भांड्याकडे संशयाने पाहण्याची दृष्टी स्वतंत्र भारताच्या कायद्याला या परंपरेतून वारशाने मिळाली.

स्वराज्याच्या चळवळीतील दारूबंदीचा हेतू वेगळा होता व तो उदात्त होता, हे नाकारण्याचे कारण नाही. काँग्रेस मंत्रिमंडळाचे आरोग्य व अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. नोव्हेंबरात मंत्रिमंडळ गेले आणि ती बंदीही पुढे टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा कायदा आला, आणि १९५० च्या एप्रिलपासून मुंबईत संपूर्ण दारूबंदी झाली. गुत्ते बंद झाले. तहान मात्र बंद झाली नाही. गोदीत ओझी वाहणारे, गिरणीत रात्रपाळी करणारे आणि गटारे उपसणारे हात संध्याकाळी जे मागत होते ते मागतच राहिले. त्यांच्यासाठी परवाना नव्हता. म्हणून हातभट्टी आली.

मुंबईच्या घरगुती वस्तूंचे खरे रूपांतर या काळात झाले. हंड्याची भट्टी झाली, पिंपाचे रसायन मुरवण्याचे भांडे झाले, सायकलच्या आणि मोटारीच्या चाकातील ट्यूब ही दारू वाहून नेण्याची पिशवी झाली. काचेच्या चहाच्या पेल्याचे माप झाले आणि ‘नवटाक’, ‘पावशेर’ ही वाण्याच्या दुकानातील मापे अड्ड्यावर बोलली जाऊ लागली. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला की, तो आता दारूशी संबंध नसलेल्या गोष्टींनाही लावला जातो. धोबीतलाव, कावेल, मरीन लाइन्स या पट्ट्यात ख्रिस्ती स्त्रियांनी आपल्या बैठकीच्या खोलीतच चार बाके टाकून जे अड्डे चालवले, ते ‘आंटीचे अड्डे’ म्हणून प्रसिद्ध झाले. या बायकांपैकी कित्येक विधवा होत्या, कित्येकींचे नवरे बोटीवर अथवा बेकार होते. त्यांच्यापाशी भांडवल म्हणजे एक खोली, एक शेगडी, काही भांडी आणि आईकडून आलेले ज्ञान. चित्रपटांनी या आंटीला विनोदी पात्र करून टाकले. वस्तुतः ती या शहरातील घरबसल्या मजुरी करणारी एक कामकरी स्त्री होती, आणि तिच्या मिळकतीचा मोठा वाटा हप्त्यात जात होता.

हप्ता हा शब्द टाळून या कायद्याविषयी बोलताच येणार नाही. जेथे प्रत्येक घरातील हंडा हा संभाव्य पुरावा असतो, तेथे कोणता हंडा जप्त करावयाचा आणि कोणत्याकडे डोळेझाक करावयाची, हे ठरवण्याचा अधिकार हवालदाराच्या हाती जातो. अशा अधिकाराला बाजारात किंमत येणारच. लहान भट्ट्या अधूनमधून फोडल्या गेल्या, कारण धाडींचे आकडे दाखवावयाचे होते. मोठे धंदेवाले मात्र वाढत गेले. वरदराजन मुदलियारसारख्यांची सत्ता मध्य मुंबईत हातभट्टीच्या पैशावरच उभी राहिली. दारूबंदीने दारूचा नाश केला नाही. तिने घरगुती कसब मोडून संघटित गुन्हेगारीला एक तयार बाजारपेठ बहाल केली.

याच काळात वरच्या वर्गाचे काय झाले? फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या नागरिकाने या कायद्याला आव्हान दिले आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. औषधी आणि प्रसाधनाच्या ज्या द्रव्यांत मद्यार्क असतो, ती बाळगण्यावरील बंदी न्यायालयाने रद्द केली. लष्करी भोजनगृहांना दिलेली सवलत मात्र वैध ठरवली. घटनेच्या दृष्टीने त्या निकालाचे महत्त्व मोठे आहे. परंतु त्याचा सामाजिक अर्थही पाहिला पाहिजे. साहेबाच्या न्हाणीघरातील कोलनच्या बाटलीला सर्वोच्च न्यायालयात संरक्षण मिळाले. चाळीच्या मोरीतील हंड्याची बाजू मांडावयास तेथे कोणी नव्हते. पुढे आरोग्याच्या जपणुकीसाठी म्हणून डॉक्टरी दाखल्यावर परवाने मिळू लागले. ज्याला डॉक्टरची फी आणि विलायती बाटलीची किंमत परवडते, त्याचे पिणे हे प्रकृतीचे निमित्त ठरले. ज्याला परवडत नाही, त्याचे पिणे हा गुन्हा ठरला.

साठीच्या दशकात बंधने सैल झाली. १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक दुकानांना रीतसर जागा मिळाली. तेव्हापासून दारू हा महाराष्ट्र शासनाच्या उत्पन्नाचा एक आधारस्तंभ झाला आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील करवाढ मंजूर केली, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये अधिक मिळतील अशी अपेक्षा धरली. म्हणजे इंग्रजांचे अबकारी धोरण पूर्ण फिरून घरी आले आहे. लोकांनी पिऊ नये असे सरकारला वाटत नाही, पण सरकारला पैसे देऊन प्यावे असे मात्र फार वाटते.

कोणी गाळावयाची, याबद्दलही सरकारचे मन उदार आहे. फक्त गाळणारा मोठा पाहिजे. उसाच्या रसापासून साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीतून मद्यार्क काढणारे साखर कारखाने हे ग्रामीण विकासाचे मानबिंदू समजले जातात. त्याच उसाच्या गुळापासून मडक्यात दारू गाळणारी बाई मात्र आरोपी. २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आले, विंचूर आणि पलूस येथे द्राक्षमद्यासाठी खास उद्याने उभारण्यात आली. २००७ मध्ये धान्यापासून मद्य काढणाऱ्या कारखान्यांसाठी अनुदानाची योजना निघाली. ज्वारी खाणाऱ्यांच्या राज्यात ज्वारीची दारू करण्यास सरकारी पैसा मिळाला. पुण्यात २००९ पासून उपाहारगृहातच ताजी बिअर बनवून देणाऱ्या लहान भट्ट्या परवान्याने सुरू झाल्या आणि त्या आता मुंबईतही आहेत. ज्यांना घरीच बिअर बनवण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी झाकणाचे डबे, नळ्या, तापमापक आणि यीस्टची पाकिटे आकर्षक खोक्यात विकत मिळतात. कायद्याच्या अक्षराप्रमाणे परवान्यावाचून हाही गुन्हाच आहे. पण मलबार हिलवरील स्वयंपाकघरात यीस्टचे पाकीट सापडले म्हणून कलम १०३ चे गृहीतक कोणी लावील, असे कोणालाही वाटत नाही. तेथे त्याला छंद म्हणतात.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गांभीर्याने घेतलाच पाहिजे. हातभट्टीने माणसे मारली आहेत. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ८० हून अधिक माणसे विषारी दारूने मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत १०० हून अधिक मेली. मेलेले बहुतेक सर्व रोजंदारीवर जगणारे होते. मग घरातल्या भट्टीबद्दल सहानुभूती कशाला, असे विचारले जाईल.

याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. गूळ किंवा साखर आंबवून जो मद्यार्क तयार होतो तो मुख्यतः इथेनॉल. माणसाला आंधळे करून मारणारे मिथेनॉल त्यात प्राणघातक प्रमाणात तयार होत नाही. मालवणीत जे विष वाटले गेले ते कोणाच्या हंड्यात मुरलेले नव्हते. ते औद्योगिक मिथेनॉल होते; रंग, राळ, औषधे अशा उद्योगांसाठी पिंपांतून वाहिले जाणारे. ते स्वस्त असते, वासावरून ओळखू येत नाही, आणि त्यात पाणी घातले की विक्रेत्याला गाळण्याचीही तसदी पडत नाही. गुजरातेत १९४९ चा हाच कायदा अधिक कडकपणे चालू आहे. तेथे जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत ४० हून अधिक माणसे अशीच मेली, आणि ते रसायनही उद्योगासाठी असलेल्या साठ्यातूनच बाहेर आलेले होते. म्हणजे भांड्यांवर धाडी घातल्या गेल्या आणि पिंपांचा हिशेब कोणी ठेवला नाही. धाडींमुळे घरगुती गाळणे अवघड व खर्चाचे झाले की, धंदेवाला सोप्या मार्गाकडे वळतो, आणि तो सोपा मार्ग कारखान्याच्या मागच्या दाराने येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. दारूने संसार उद्ध्वस्त होतात, मार खावा लागतो तो बायकांना. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये जिल्हाबंदी झाली. ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानात गावोगावच्या बायकांनी पहाटेपासून रांगा लावून दुकाने बंद पाडली. त्या बायकांचा निर्णय हा लोकशाहीचा निर्णय आहे आणि त्याला शहाणपण शिकवण्याचा अधिकार शहरातील कोणालाही नाही. परंतु त्यांनी काय बंद केले, हे नीट पाहावे. त्यांनी बंद केले ते दुकान, दारूचा बाजार, परवान्याने वस्तीच्या नाक्यावर आणून बसवलेला नफा. त्याच बाजाराचा महसूल सरकारला हवा असतो, म्हणून दुकान हटवण्यासाठी निम्म्या मतदारांचा कौल मागितला जातो, आणि दुकान आणताना मात्र बायकांना विचारले जात नाही. चंद्रपूरची जिल्हाबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. सहा वर्षांत मोडून पडावी अशी ती मुळातच कमकुवत होती, की तिच्यामागे सरकारने नेट लावलाच नाही, याचे उत्तर बायकांनी द्यावयाचे नाही. दारूच्या बाजाराला विरोध आणि गरिबाच्या भांड्याला संरक्षण, या दोन भूमिकांत विसंगती नाही.

इतर देशांनी या गुंत्यातून मार्ग काढले आहेत. ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये काढून टाकण्यात आला. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी होती. ती उठल्यानंतरही घरी बिअर करण्यास संघराज्याच्या कायद्याने मुभा मिळाली ती १९७८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने. दोन्हीकडे भेद स्पष्ट आहे: घरात आंबवून घरात प्यावे, विकले तर परवाना हवा, ऊर्ध्वपातनाला मात्र मुभा नाही, कारण तेथे आगीचा आणि विषाचा धोका खरोखर आहे. सोव्हिएत संघात १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली, तेव्हा लोकांनी घरी दारू गाळण्यासाठी इतकी साखर उचलली की, दुकानांतून साखर नाहीशी झाली. हुकमाने स्वयंपाकघर जिंकता येत नाही, हा धडा भांडवलशाही आणि साम्यवादी अशा दोन्ही राजवटींना मिळाला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. सावंतवाडीहून बांद्याची सीमा ओलांडली की, गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर गाळला जातो. त्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवले. तेथेही भट्टीला परवाना लागतो, पण तो लहान माणसाला मिळतो. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण आखले. इंग्रजांनी १८९२ मध्ये ज्या फुलाला आरोपी केले, त्याला एका राज्यात मान मिळाला. महाराष्ट्रात मात्र ठाण्या-पालघरच्या पाड्यावरील मोहाचे मडके अजूनही धाडीत फुटते.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. कलम १०३ मधील गृहीतक घरगुती भांड्यांना आणि घरगुती प्रमाणातील गूळ, फळे यांसारख्या पदार्थांना लागू करू नये. गुन्हा सरकारने सिद्ध करावा. विक्रीसाठी नसलेल्या, केवळ आंबवलेल्या पेयांना मर्यादित प्रमाणात घरगुती मुभा द्यावी, मग ती कावेलची नाताळची बरणी असो वा पाड्यावरचे मडके. ऊर्ध्वपातन करणाऱ्या पारंपरिक लहान उत्पादकांना, विशेषतः स्त्रियांना, सहकारी संस्थेच्या रूपाने आणि तपासणीच्या अटीवर परवाना मिळण्याची वाट खुली करावी. मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा हिशेब कारखान्यापासून वापरापर्यंत ठेवावा आणि तो चुकला तर मालकाला जबाबदार धरावे. आजवर ती जबाबदारी पिणाऱ्याच्या प्रेतावर ढकलली गेली आहे. आणि दारूचे दुकान वस्तीत आणण्यापूर्वीच तेथील स्त्रियांचा कौल घेणे बंधनकारक करावे.

ठाकूरद्वाराच्या वाड्या आता झपाट्याने पडत आहेत. चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत आणि जुन्या खोल्यांतील पितळी हंडे मोडीच्या भावाने विकले जात आहेत. ज्यांनी त्यांतून पाणी भरले, भात शिजवला आणि अडीअडचणीत दारूही गाळली, त्यांपैकी बरीच माणसे वसई-विरारच्या पलीकडे पांगली आहेत. हंडे मोडीत गेले तरी त्यांच्यावर संशय घेणारे कलम कायद्यात जसेच्या तसे आहे, आणि ते आज दुसऱ्या कोणत्या तरी झोपडीतील हंड्याला लागते आहे. विधिमंडळाने त्या कलमाकडे लक्ष देण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.